इंग्रजांचे ‘अरेच्चा!’



विषयपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून तुमच्यांपैकी काहींच्या तोंडून ‘अरेच्चा!’ हाच शब्द निघाला असेल. निघाला असेल तर आमचे अर्धे काम झाले. कारण विचार करण्यापूर्वी, व्याकरण जुळवण्यापूर्वी, कित्येकदा समोर कोण बसले आहे हे ध्यानात येण्यापूर्वी तोंडातून जो शब्द निसटतो, तोच आजचा विषय आहे. हातातली कपबशी सुटते, बारा वर्षांत न दिसलेला मावसभाऊ दारात उभा राहतो, विजेचे बिल भलत्याच आकड्याचे येते. अशा वेळी मनुष्य वाक्य बोलत नाही. तो काहीतरी उद्गारतो. आमच्या वैयाकरणांनी अशा शब्दांना केवलप्रयोगी अव्यये असे भारदस्त नाव दिले आहे. वाक्याशी त्यांचा संबंध नसतो. ती आपली एकटीच, केवल, येतात आणि जातात.

इंग्रजीतली ही अव्यये आम्ही शाळेत शिकलो. रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणावर आपल्याकडच्या किती पिढ्या वाढल्या हे सांगायला नको. ह्यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे तेच. तर अशा व्याकरणांतून आम्हांला आनंदाला ‘हुर्रा’, दुःखाला ‘अलास’ आणि ‘ऐका हो’ म्हणायला ‘हार्क’ असा शिधा मिळाला. तो आम्ही पाठ केला, परीक्षेत मार्क मिळवले, आणि पुढे इंग्रज माणसे बोलताना ऐकली तेव्हा ध्यानात आले की ‘अलास’ म्हणणारा इंग्रज रंगभूमीबाहेर सापडत नाही. नळावर भांडताना ‘हा हन्त!’ म्हणणारा मराठी मनुष्य जितका सापडतो तितकाच. त्या लोकांच्या तोंडी भलतेच शब्द होते: ‘गॉश’, ‘गॉली’, ‘माय गुडनेस’, ‘गुड ग्रेशस’, ‘गुड हेवन्स’, ‘डिअर मी’, ‘बाय जोव्ह’, ‘ब्लाइमी’, ‘क्रायकी’, आणि अमेरिकन असला तर ‘जी’, ‘होली स्मोक’, ‘होली काउ’.

आता तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या शिस्तीत वाढलेल्या मुलाने हे मराठीत आणायचे ठरवले तर काय होईल पाहा. ‘माय गुडनेस’ म्हणजे ‘माझा चांगुलपणा!’ ‘डिअर मी’ म्हणजे ‘प्रिय मी!’ आणि ‘वेल, आय नेव्हर’ म्हणजे ‘बरे, मी कधीच नाही!’ कपबशी फुटल्यावर ‘माझा चांगुलपणा!’ असे ओरडणाऱ्या बाईविषयी आपण काय समजावे? शब्दकोश उघडावा तर त्यात ‘आश्चर्यवाचक उद्गार’ एवढेच लिहिलेले असते. म्हणजे सर्वांपुढे एकच अर्थ, आणि गिऱ्हाइकाने हवा तो उचलावा. पण ह्या शब्दांत अर्थ कमी आणि वजन जास्त असते. कोणता शब्द किती जड आणि तो कोणापुढे वापरावा, हे कोशात नसते. ते त्या समाजाच्या भीतीत असते.

ही भीती कशाची? देवाच्या नावाची.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा अशी की परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये. बायबलच्या निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ती आहे. चोरी करू नकोस, खून करू नकोस ह्यांच्याच पंक्तीला ही आज्ञा बसलेली आहे, आणि गणतीत ती त्यांच्याही आधी येते. म्हणजे ज्या समाजाने ही आज्ञा मनावर घेतली, त्या समाजातल्या माणसाची पंचाईत पाहा. दचकल्यावर, थक्क झाल्यावर तोंडात देवाचे नाव येणे हा तर मनुष्यस्वभाव. आणि नाव आले की पाप! मग जीभ अर्ध्या वाटेत वळायला शिकते. ‘गॉड’ म्हणायला तोंड उघडावे आणि बाहेर काढावे ‘गॉश’ किंवा ‘गॉली’. ‘जीझस’च्या वाटेवर निघून ‘जी’वर थांबावे. ‘क्राइस्ट’चे ‘क्रायकी’ करावे, ‘लॉर्ड’चे ‘लॉर’ करावे. ज्यांना एवढेही धाडस नको त्यांनी देवाला सोडून देवाच्या गुणांना हाक मारावी: त्याच्या चांगुलपणाला ‘गुडनेस’, त्याच्या कृपाळूपणाला ‘ग्रेशस’. नाहीतर त्याच्या पत्त्यावर हाक मारावी: ‘हेवन्स!’ तेव्हा आपल्या त्या बाईने कपबशी फुटल्यावर स्वतःच्या चांगुलपणाची आठवण काढली नव्हती. ती देवालाच बोलावत होती, पण नाव न घेता.

आपल्याला हे सगळे चमत्कारिक वाटते. आपण बरोबर उलट्या वाटेने वाढलो. आपल्याकडे नाव व्यर्थ जातच नाही, अशी श्रद्धा. भागवतातला अजामिळ घ्या. जन्मभर करू नये ते केले, मरताना नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारली, आणि तेवढ्या पुण्याईवर विष्णुदूत त्याला सोडवायला आले. त्याला देव अभिप्रेत नव्हता, मुलगा होता, तरी चालले. त्याहून वाल्या कोळ्याची गोष्ट पाहा. त्याला ‘राम’ म्हणता येईना, म्हणून तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि त्याचा वाल्मीकी झाला. श्रोतेहो, आमच्या मते दोन संस्कृतींतला सगळा फरक ह्या ठिकाणी आहे. तिकडे नाव वाकडे करायचे ते देवाला ऐकू जाऊ नये म्हणून. इकडे नाव पार उलटे केले तरी देवाला ऐकू जातेच. म्हणून मराठी मनुष्य ‘राम राम’ म्हणून भेटतो, ‘राम राम राम’ म्हणून हळहळतो, ‘शिव शिव’ म्हणून किळस दाखवतो, ‘हरे राम’ म्हणून थकून खाली बसतो, आणि ‘अरे देवा!’ म्हणून थक्क होतो. आणि ह्यांतल्या एकाही ठिकाणी आपण काही गैर बोललो असे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

मात्र नाव चुकवण्याची कला आपल्याला ठाऊकच नाही असे म्हणाल तर तेही खरे नव्हे. आपण ती देवासाठी वापरली नाही, इतरांसाठी वापरली. आपल्या आज्यांनी नवऱ्याचे नाव कधी घेतले का? उखाण्यात घेतले तेवढेच. एरवी ‘अहो’, ‘इकडची स्वारी’, ‘घरातली माणसं’. नवऱ्याचे नाव गोविंद असले तर शेजारच्या गोविंदालाही हाक मारण्याची चोरी. रात्री सापाला साप म्हणायचे नाही, ‘जनावर’ म्हणायचे किंवा ‘लांबडं’. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा; बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचे. ज्या घरात हे सगळे चालले त्या घरातल्या माणसाला ‘गॉश’ कळायला हरकत नाही. आजी नवऱ्याचे नाव जशी टाळी, तसा इंग्रज देवाचे टाळी. दोन्हींत आदर किती आणि धाक किती हे वेगळे काढता येत नाही.

ही टाळाटाळ फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कॅन्टरबरीच्या यात्रेकरूंचे वर्णन केले. त्यात एक मठाधिकारी जोगीण आहे. मोठी नाजूक, जेवताना बोटे रश्शात बुडू न देणारी. तिच्या सौजन्याचा पुरावा म्हणून चॉसर सांगतो की तिची सर्वांत जबर शपथ म्हणजे सेंट लॉय ह्या संताच्या नावाची. म्हणजे आणाभाका घेताना बाकीची मंडळी साक्षात देवाला साक्षीला काढीत असणार, आणि ही बाई एका बेताच्या संतावर भागवीत होती. सौम्य उद्गार हे सभ्यतेचे माप झाल्याचे सहाशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजीत शपथ घेणे आणि शिवी देणे ह्या दोहोंना ‘स्वेअर’ हा एकच शब्द आहे. मराठीत शपथ वेगळी, शिवी वेगळी. तिकडे त्या एक झाल्या, कारण त्यांच्या जुन्या शिव्या म्हणजे देवाच्या नावाने उधळलेल्या शपथाच होत्या. ख्रिस्ताच्या जखमांची शपथ, त्याच्या रक्ताची शपथ. ‘गॉड्स वूंड्स’ हे पूर्ण म्हणायचे नाही म्हणून त्याचे ‘झाउंड्स’ झाले. रक्ताचे ‘स्ब्लड’ झाले. शेक्सपीअरची पात्रे हे शब्द मोकळेपणाने वापरीत. पुढे १६०६ साली पार्लमेंटने कायदा केला, की नाटकात थट्टेने किंवा अनादराने देवाचे, ख्रिस्ताचे नाव उच्चारले तर दर खेपेस दहा पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा फिर्याद करणाऱ्याला. अशी वाटणी ठेवल्यावर नाटकगृहात धार्मिक प्रेक्षकांची वाण पडली नसेल. परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर ‘ऑथेल्लो’च्या दोन जुन्या प्रती शेजारी शेजारी ठेवाव्यात. १६२२ साली छापलेल्या प्रतीत इयागो तोंड उघडतो तोच ‘स्ब्लड’ म्हणून. पुढल्याच वर्षी, १६२३ साली, सगळ्या नाटकांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात तो शब्द गाळलेला, आणि पुढची ‘झाउंड्स’ही पुसलेली. नाटककाराला जाऊन तोवर सात वर्षे झाली होती. इयागो ज्या कारवाया करतो त्यांवर सेन्सॉरची हरकत नव्हती, हेही सांगून ठेवतो.

रंगमंचावरून हा दंड रस्त्यावर आला. १७४५ सालच्या कायद्याने शिवी हासडणाऱ्याला दंड ठरला, पण सर्वांना सारखा नव्हे. मजूर, साधा शिपाई, खलाशी ह्यांना एक शिलिंग. त्यांच्या वरच्या पण सद्गृहस्थाच्या खालच्या माणसाला दोन. आणि सद्गृहस्थ असेल तर पाच. दुसऱ्या खेपेस दुप्पट, तिसऱ्या खेपेस तिप्पट. बिगाऱ्याची एक शिवी एका शिलिंगात आणि जमीनदाराची तीच शिवी पाच शिलिंगांत! हा कायदा पुस्तकातून पुसला गेला तो १९६७ साली.

आता ज्या देशात एक ‘गॉड’ पाच शिलिंगांना पडतो तिथे ‘गॉली’ म्हणणारा मनुष्य कंजूष म्हणावा की धार्मिक? गिल्बर्ट व्हाइट हा सेलबोर्न गावचा पाद्री, पक्ष्यांची आणि कीटकांची बारीक निरीक्षणे करणारा. त्याने १७७५ साली आपल्या रोजनिशीत ‘गॉली’ ह्या शब्दाची नोंद केली आहे, जणू एखादा नवा पक्षीच दिसला. आणि हा शब्द गाडीवाल्यांच्या आणि अगदी खालच्या लोकांच्या तोंडी असतो असे सांगितले आहे. तोच ‘गॉली’ पुढे कुठे पोहोचला? ‘फेमस फाइव्ह’ ह्या मालिकेचे पहिले पुस्तक १९४२ साली निघाले. त्यातली एनिड ब्लायटनबाईंची निरागस, सुटीत सहलीला जाणारी मुले खाऊचा डबा उघडताच ‘गॉली!’ म्हणतात. गाडीवानाच्या ओठांवरून शब्द निघाला तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पाळणाघरात येऊन बसला. शब्द झिजत झिजत असा गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत झाला की मुलांच्या हाती द्यायला हरकत नसते. ‘ब्लाइमी’ची कथाही तीच. मूळ म्हणणे असे की ‘देव माझे डोळे फोडो’. खोटे बोललो तर डोळे फुटतील, असे आपल्याकडेही म्हणतात. पण लंडनमधला मनुष्य बस चुकली की स्वतःचे डोळे फोडून घ्यायला तयार होतो आणि त्याला त्याची दादही नसते.

जीभ वळते कशी हे पाहणे मोठे गमतीचे आहे. ती शेवटच्या क्षणी वळते, म्हणून पहिले अक्षर खरे निघते आणि पुढचे खोटे. ‘क्राइस्ट’ म्हणता म्हणता ‘क्रिस्तोफर कोलंबस!’ म्हणायचे. ज्या ‘लिट्ल विमेन’चा शान्ताबाई शेळक्यांनी केलेला अनुवाद ‘चौघीजणी’ म्हणून आपल्या घराघरांत आहे, त्यातल्या धसमुसळ्या ज्योच्या तोंडी हा कोलंबस आहे. पुस्तक १८६८ सालचे, मुलगी पाद्र्याची, पण बोलणे मुलांसारखे, म्हणून बहिणी तिला टोकतात. ‘जीझस’च्या जागी ‘जिमिनी’ येतो. आणि डिस्नेने १९४० साली ‘पिनोकिओ’ काढला तेव्हा लाकडी बाहुल्याला सदुपदेश करणाऱ्या नाकतोड्याचे नाव ‘जिमिनी क्रिकेट’ असेच ठेवले. इंग्लंडात तर एका धनिकाची ह्या कामी योजना झाली. जेम्स गॉर्डन बेनेट हा ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ पत्राचा मालक, स्टॅन्लेला लिव्हिंगस्टनच्या शोधात आफ्रिकेत धाडणारा, पैसा आणि अब्रू सारख्याच सढळ हाताने उधळणारा. १९१८ साली तो वारला. पण आजही एखादा वयस्क इंग्रज अंगठ्यावर हातोडी बसली की ‘गॉर्डन बेनेट!’ म्हणून ओरडतो. बेनेटचा ह्यात दोष एवढाच की त्याचे नाव ‘गॉ’ने सुरू होते.

ही अर्ध्या वाटेतली वळणे आपल्याकडे नाहीत काय? आहेत, सभेत सगळी सांगता येणार नाहीत एवढेच. ‘आयला’ आणि ‘च्यायला’ हे शब्द आमच्यांतल्या किती सुशिक्षितांच्या तोंडून दिवसातून किती वेळा जातात! त्यांचा उगम कुठल्या वाक्यात आहे हे प्रत्येकाला माहीत असते, आणि ते वाक्य तो पुरे करीत नाही. ‘अरे तिच्या!’ म्हणून थांबणारी जुनी मंडळी आम्ही पाहिली आहेत. ‘तिच्या’ म्हणजे कोणाच्या, आणि पुढे काय, हे कोणी विचारीत नसे. आजच्या विषयपत्रिकेतला निष्पाप ‘अरेच्चा’सुद्धा आम्हांला त्याच घराण्यातला दिसतो, अध्यक्षमहाराजांनी क्षमा करावी.

फरक इतकाच की इंग्रजाने देव झाकला आणि आपण आई झाकली. आपल्याला देवाचे नाव कुठेही चालते. चालत नाही ते आईचे नाव, भलत्या संबंधात. आणि मौज अशी की ठेच लागली की ‘आई गं!’, भ्यालो की ‘बाप रे!’, चकित झालो की ‘अगं बाई!’, संकटात आपण सगळे घरच अंगणात बोलावतो. ठेच लागल्यावर प्रौढ इंग्रज आईला हाक मारीत नाही. ज्या आईला आपण वेदनेत पहिल्याने बोलावतो, तिच्याच नावाने शिवी देतो, आणि तीच शिवी पुन्हा लाजून अर्धी गिळतो.

ह्या धाकातून सुटण्याची इंग्रजांची आणखी एक युक्ती आम्हांला फार आवडते. ज्या देवावर कोणाचीच श्रद्धा उरली नाही त्याचे नाव घ्यावे. ना पाप, ना पुण्य. म्हणून ‘बाय जोव्ह!’ क्लबातला मिशाळ साहेब हे म्हणत असे. हा जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा ज्युपिटर. आणि ज्युपिटर म्हणजे भाषाशास्त्राच्या हिशेबाने आपल्या ऋग्वेदातला द्यौष्पिता. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. तेव्हा पुण्याच्या छावणीतला कर्नल क्रिकेट पाहताना ‘बाय जोव्ह!’ म्हणाला असेल तेव्हा तो नकळत एका वैदिक देवतेला आवाहन करीत होता, आणि पलीकडे चहा देणाऱ्या मराठी माणसाने मात्र त्या देवतेचे नाव कित्येक पिढ्यांत घेतलेले नव्हते.

आता हे शब्द कोणी वापरावेत ह्याकडे वळू. आपल्याकडे ‘इश्श’ आणि ‘अय्या’ बायकांनी म्हणावे, ‘आयला’ पुरुषांनी, अशी वाटणी होती. इंग्रजीतही तशीच होती. ‘गुड ग्रेशस’ आणि ‘ओ डिअर’ बायकांकडे, ‘बाय जोव्ह’ साहेबांकडे, ‘ब्लाइमी’ मजुरांकडे. रॉबिन लेकॉफ ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात ह्यावर चांगले बोट ठेवले. मुलीला लहानपणापासून ‘ओ डिअर’ शिकवतात, मुलाने ठसकेबाज शब्द काढला तर हसून सोडतात. आणि मग मोठेपणी तिच्या रागाला कोणी राग मानीत नाही. म्हणजे सौम्य उद्गार हा दागिना आहे तशी बेडीही आहे. बर्नार्ड शॉला हे आधीच ठाऊक होते. ‘पिग्मॅलिअन’ लंडनच्या रंगभूमीवर ११ एप्रिल १९१४ रोजी आले. फुलवालीला उच्चार शिकवून तिला बड्या घरच्या बैठकीत नेले. उच्चार निर्दोष, आणि निघताना तोंडून गेला ‘ब्लडी’! थिएटर हादरले. पण शॉचा खरा खट्याळपणा पुढेच आहे. बैठकीतल्या तरुण मुलीला वाटते हीच नवी फॅशन, आणि तीही जाताना तोच शब्द वापरून ऐट करते. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ आणली ती ह्याच नाटकावरून. उच्चार मास्तर शिकवू शकतो. दचकल्यावर काय निघावे हे मास्तरच्या हाती नाही.

आणि हीच आपल्या लोकांची अडचण आहे. आपल्याला हे शब्द मिळाले पुस्तकांतून. त्यांच्या मागचा धाक मिळाला नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाय घसरतो. आपण ‘अरे देवा’ म्हणावे इतक्या सहज ‘माय गॉड’ म्हणतो. समोर चर्चला नेमाने जाणारी वृद्ध घरमालकीण असली तर तिचा चेहरा का उतरला हे आपल्याला कळत नाही. मग कोणी सुचवले म्हणून ‘गुडनेस ग्रेशस’ धरावे, तर लोक हसतात. कारण तो शब्द त्यांच्या आजीबरोबर गेला. तीच गत ‘रिअली?’ची. आपल्या बोलण्यात इंग्रज मधूनमधून ‘रिअली?’ म्हणाला की आपल्याला वाटते ह्याचा विश्वास बसत नाही, आणि आपण साक्षीपुरावे काढू लागतो. तो बिचारा फक्त ‘हो का?’ म्हणत असतो.

हसण्याची ही गोष्ट साधी राहिली नाही. १९६० साली ‘द मिल्यनेअरेस’ नावाचा चित्रपट निघाला, तोही शॉच्या नाटकावरून. नाटकातला डॉक्टर इजिप्शियन होता. चित्रपटात तो हिंदी झाला आणि पीटर सेलर्सने तोंडाला रंग लावून ती भूमिका केली. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्याने सोफिया लॉरेनबरोबर एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचे नाव ‘गुडनेस ग्रेशस मी’. गाणे इंग्लंडभर वाजले, आणि तिथे शिकायला, नोकरीला गेलेल्या कित्येक हिंदी माणसांच्या मागे रस्त्यावर हेच तीन शब्द लागले. मान डोलवणारा, बोलणे गोड पण जुनाट, बायकी उद्गार काढणारा मनुष्य म्हणजे हिंदी मनुष्य. आम्हांला ह्यात खुपते ते असे की हा सौम्यपणा इंग्रजांनीच शिकवलेला होता. त्यांच्या मिशनऱ्यांनी, त्यांच्या मास्तरणींनी, त्यांच्या सोवळ्या क्रमिक पुस्तकांनी आपल्याला निवडक धुतलेले शब्द दिले. स्वतः ते टाकून पुढे गेले, आणि आपल्या अंगावर ते पाहून हसले. उतरलेला कोट नोकराला द्यावा आणि तो घातल्याबद्दल त्याची थट्टा करावी, त्यातला हा प्रकार.

ह्याला उत्तरही मिळाले, आणि ते व्याख्यानाने नव्हे, विनोदाने. इंग्लंडातल्या हिंदी वंशाच्या मुलांनी बी.बी.सी.वर एक विनोदी कार्यक्रम काढला. आधी नभोवाणीवर, मग १९९८ पासून दूरचित्रवाणीवर, २००१ पर्यंत. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर, आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया. कार्यक्रमाचे नाव त्यांनी मुद्दाम ठेवले ‘गुडनेस ग्रेशस मी’. रस्त्यावर ज्या शब्दांनी वडिलांना चिडवले, ते मुलांनी दारावर पाटी म्हणून लावले. आणि आठवड्याला इंग्रज मंडळी दिवाणखान्यात बसून ह्या वेळी स्वतःवर हसू लागली.

आता ह्या सगळ्या शब्दांचे दिवस सरत आले आहेत. ‘गॉली’ गेला, ‘बाय जोव्ह’ फक्त नाटकात उरला. ‘क्रायकी’ला मध्यंतरी ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्ह अर्विनने जीवदान दिले; मगरींशी झोंबणारा तो गडी २००६ साली गेला. सध्या राज्य आहे ते ‘वॉव’चे. हा शब्द अमेरिकन पोरांनी काल काढला असे आमच्याप्रमाणे तुम्हीही ऐकले असेल. पण स्कॉटलंडच्या गॅव्हिन डग्लसने १५१३ साली व्हर्जिलच्या महाकाव्याचे भाषांतर पुरे केले त्यात तो आहे. म्हणजे मुलीने नवा मोबाइल पाहून काढलेला ‘वॉव’ पानिपतच्या पहिल्या लढाईहून तेरा वर्षांनी जुना आहे. आणि त्यात देव नाही, आई नाही, काहीच नाही. तेव्हा झाकायचेही काही नाही.

दुसरे राज्य ‘ओ माय गॉड’चे, आणि घाईत ‘ओ.एम.जी.’चे. हेही पोरांचे नव्हे. ब्रिटिश आरमाराचे वयोवृद्ध अॅडमिरल लॉर्ड फिशर ह्यांनी १९१७ च्या सप्टेंबरात विन्स्टन चर्चिलला पाठवलेल्या पत्रात ही तीन अक्षरे लिहिली आहेत, आणि चर्चिलला कळावीत म्हणून कंसात फोड करून दिली आहे. ऑक्सफर्डच्या कोशाने ती आत घ्यायला २०११ साल उजाडले. तीनशे वर्षांपूर्वी ज्या उद्गाराला पाच शिलिंग पडत, तो आज दिवसातून शंभर वेळा फुकट वापरला जातो, आणि कित्येक भाविक ख्रिस्ती घरांत मुलांना अजूनही त्यावर दटावतात.

आपल्या घरांत मात्र दटावणारे कोणी नाही. नातीने पोह्यांत झुरळ पाहून ‘ओ माय गॉड!’ अशी किंकाळी फोडली तर आजी विचारते, “काय म्हणाली ग ती?” सून सांगते, “अहो, ‘अरे देवा’ म्हणाली.” आजी म्हणते, “मग बरं झालं. एरवी कधी घेत नाही नाव.”